भुताला रंग फासणारे हात

आमचे हे सदर नेमाने वाचणाऱ्या एका मावशींनी परवा विहाराच्या पायरीवरच आम्हांला हटकले. "काय हो भाऊ, भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून तुम्ही आम्हांला दर आठवड्याला सांगता, आणि रविवारी रात्री तुमच्याच घरातून किंकाळ्या ऐकू येत होत्या त्या कसल्या?"

मावशींचा प्रश्न रास्त आहे. किंकाळ्या होत्या, हे आम्ही कबूल करतो. भुताचा सिनेमा होता, हेही कबूल करतो. मात्र किंकाळ्यांच्या मागोमाग आमच्या घरातून जो हशा उठत होता, तो मावशींच्या कानापर्यंत गेलेला दिसत नाही. त्याच हशाविषयी आज लिहायचे आहे. कारण त्या सिनेमाने भुतावरचा आमचा विश्वास वाढवला नाही. भूत कसे तयार करतात, ते करताना किती माणसे घाम गाळतात, आणि त्या माणसांची नावे कोणी वाचतो की नाही, हे त्याने आम्हांला दाखवले.

सिनेमा जपानचा आहे. जपानी नावाचा अर्थ 'कॅमेरा थांबवू नका' असा होतो. जगभर तो 'वन कट ऑफ द डेड' या नावाने ओळखला जातो. दिग्दर्शक शिनिचिरो उएदा. आमची मुलगी तिच्या मैत्रिणीकडून ऐकून आली आणि तिने आम्हां सर्वांना तिच्या लॅपटॉपपुढे बसवले. आम्ही, आमची पत्नी, आमची आई आणि शेजारचे दोन भाऊ, अशी बैठक जमली. संवाद जपानी, खाली अक्षरे इंग्रजी. मुलगी ती वाचून आजीला मराठीत सांगत होती. त्यामुळे सिनेमा थोडा हळू चालला, पण सगळ्यांना समजला.

सिनेमात जे भूत आहे त्याला 'झाँबी' म्हणतात. मेलेला माणूस उठतो, लडखडत चालतो आणि जिवंत माणसाला चावतो. ज्याला चावतो तोही तसाच होतो. मुलांना हे ठाऊक असते, मोठ्यांना नसते, म्हणून थोडे सांगतो. ही कल्पना मूळची हैती या देशातली. तिथे फ्रेंचांचे राज्य असताना आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबवत. १७९१ मध्ये त्या गुलामांनी बंड केले आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला. त्या लोकांच्या गोष्टींत झाँबी कोणाला चावत नव्हता. मेल्यावरही ज्याला मालक थडग्यातून उठवून पुन्हा शेतावर जुंपतो, ज्याला बोलता येत नाही, स्वतःची इच्छा नाही, नाव नाही, मजुरी नाही, तो झाँबी. गुलामाला मरणाची भीती नव्हती. मेल्यावर तरी सुटका होईल ना, ही भीती होती. आमच्या वाचकांना या गोष्टीचा अर्थ फोड करून सांगायला नको.

पुढे १९६८ साली अमेरिकेत जॉर्ज रोमेरो याने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा अगदी कमी पैशांतला सिनेमा काढला आणि तेव्हापासून पडद्यावरची मढी माणसे खाऊ लागली. त्या सिनेमाचा नायक ड्वेन जोन्स हा काळा नट होता. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी बाब नव्हती. आम्ही कारकून, म्हणून त्या सिनेमाची आणखी एक हकिकत आमच्या मनात बसली आहे. प्रदर्शनापूर्वी त्याचे नाव बदलले, जुन्या नावाची पाटी काढून नवी घातली, आणि जुन्या पाटीवर जी मालकी हक्काची एक ओळ होती ती नव्या पाटीवर घालायची राहून गेली. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे ती ओळ नाही म्हणजे हक्क नाही. सिनेमा जगभर गाजला, ज्याला वाटेल त्याने दाखवला आणि पैसा केला. बनवणारे बघत राहिले. एका ओळीची किंमत अशी असते.

आता आपल्या जपानी सिनेमाकडे येऊ. ज्यांना तो पाहायचा आहे आणि गोष्ट आधी कळू द्यायची नाही, त्यांनी लेख इथेच बाजूला ठेवावा आणि सिनेमा बघून मग वाचावा. आम्ही रागावणार नाही. फक्त एक सांगतो, पहिल्या अर्ध्या तासात उठू नका.

सिनेमा सुरू होतो तो एका ओसाड जलशुद्धीकरण केंद्रात. एक मंडळी तिथे झाँबीच्या सिनेमाचे चित्रीकरण करते आहे. दिग्दर्शक नटीवर खेकसतो आहे. बेचाळीस वेळा घेऊनही तिच्या चेहऱ्यावर खरी भीती दिसत नाही, म्हणून. इतक्यात खरेच झाँबी येतात आणि माणसांना चावू लागतात. बाकी सगळे जीव घेऊन पळतात, दिग्दर्शक मात्र खूश होऊन ओरडतो की चित्रीकरण चालूच राहील. हा सगळा भाग ३७ मिनिटांचा आहे आणि कॅमेरा एकदाही बंद न करता एका दमात घेतलेला आहे.

आणि खरे सांगायचे तर हा भाग अगदी सुमार वाटतो. माणसे मध्येच गप्प उभी राहतात. भूत दाराशी आलेले असताना तिघेजण एकमेकांना छंद काय काय आहेत ते विचारत बसतात. रंगभूषा करणाऱ्या बाई एकाएकी स्वसंरक्षणाचे डाव दाखवू लागतात. ध्वनिमुद्रक काही कारण नसताना दार उघडून बाहेर धाव घेतो, जिथे भुते आहेत तिथेच. कॅमेरा जमिनीवर पडतो आणि बराच वेळ तसाच पडून राहतो. नटीला अंगणात कुऱ्हाड सापडते, जणू कोणी तिच्यासाठीच ठेवली होती. शेजारचे मोठे भाऊ म्हणाले, "आपल्या वस्तीतली पोरंसुद्धा यापेक्षा बरं नाटक करतात." ते चपला शोधू लागले. आम्हीही चुळबुळ करू लागलो. मुलगी म्हणाली, "पप्पा, कोणी उठायचं नाही. अजून सिनेमा सुरूच झाला नाही."

तिचे खरे होते. ३७ मिनिटांनी पाट्या येतात, आपल्याला वाटते संपला, आणि गोष्ट एक महिना मागे जाते.

आता कळते की जो खेकसणारा दिग्दर्शक आपण पाहिला तो प्रत्यक्षात एक गरीब स्वभावाचा, सर्वांपुढे मान डोलावणारा संसारी माणूस आहे. नाव हिगुराशी. गाण्यांच्या चित्रफिती, दूरदर्शनवरच्या किरकोळ प्रसंगांचे चित्रण असली कामे तो करतो. स्वतःची ओळख तो अशी करून देतो की काम झटपट, दर स्वस्त, आणि दर्जा बरा. बायको पूर्वी नटी होती. भूमिकेत शिरली की तिला भान राहत नसे, म्हणून तिला ते सोडावे लागले. मुलगी मोठी झाली आहे, तीही याच धंद्यात उमेदवारी करते. पण तिला खोटे चालत नाही. लहान मुलाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून रडवायचे, हे तिला मान्य नाही. खरे रडू पाहिजे म्हणून ती भांडते आणि काम घालवून बसते. बापाच्या कामाविषयी तिला काडीचा आदर नाही.

अशा या माणसाकडे एक काम येते. झाँबीच्या सिनेमांची एक नवी वाहिनी सुरू होणार आहे. तिच्या पहिल्या दिवशी एक झाँबी नाट्य दाखवायचे. अट अशी की ते थेट प्रक्षेपित होईल आणि एकाच कॅमेऱ्याने, एकदाही न थांबता. इतरांनी नकार दिलेला असणार, हे आपल्याला कळते. हा हो म्हणतो. नटी नखरेल आहे, हे करणार नाही आणि ते करणार नाही. नायक प्रत्येक वाक्याचे तर्कशास्त्र विचारतो. एकाला दारूची खोड. एकाचे पोट इतके नाजूक की पाणीसुद्धा ठराविकच लागते. आणि नेमक्या प्रक्षेपणाच्या दिवशी, दिग्दर्शकाची आणि रंगभूषाकार बाईची भूमिका करणारे दोघे मोटारीच्या अपघातामुळे पोहोचूच शकत नाहीत. आयत्या वेळी हिगुराशी स्वतः दिग्दर्शकाची भूमिका करायला उभा राहतो आणि रंगभूषाकार म्हणून त्याची बायको. तिला सगळे संवाद पाठ असतात. घरी नवऱ्याची संहिता ती कितीदा तरी वाचत बसलेली असते.

मग तिसरा भाग. तीच ३७ मिनिटे आपण पुन्हा पाहतो, पण आता कॅमेऱ्याच्या मागून. आणि इथे आमच्या घरात जो हशा सुरू झाला तो मावशींना ऐकू जायला हवा होता.

माणसे गप्प का उभी होती? पुढचा नट दारू पिऊन आडवा पडला होता, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला कोणीतरी पाटी धरून उभा होता की वेळ काढा. छंदांची चौकशी त्यासाठीच. तो झाँबी तसा झोकांड्या खात का चालत होता? मागून कोणीतरी त्याला धरून चालवत होते. ध्वनिमुद्रक बाहेर का पळाला? त्याच्या पोटाने दगा दिला होता. बिचाऱ्याला आडोशाला बसलेल्या अवस्थेतच बाकीच्यांनी रंग फासून झाँबी केला, कारण पुढच्या प्रवेशात तो मेलेला हवा होता. कॅमेरा जमिनीवर का पडून राहिला? कॅमेरामनची पाठ भरली होती. त्याच्या हाताखालची पोरगी, जिला तो कॅमेऱ्याला हात लावू देत नव्हता, तिने कॅमेरा उचलला आणि पुढचे सगळे काम तिने केले. तुटलेला हात बाहेरून कोणीतरी फेकला. रक्त नळीतून उडवले. कुऱ्हाड कोणीतरी सरपटत जाऊन ठेवून आला. आमची आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "अगं, त्या पोराला तरी बसू द्या गं कोणी धड!"

ज्या ज्या ठिकाणी आम्ही नाक मुरडले होते, त्या प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी कोलमडणारे काम खांद्यावर धरून उभा होता. शेजारच्या भाऊंनी चपला काढून ठेवल्या त्या परत घातल्या नाहीत.

शेवटचे दृश्य उंचावरून घ्यायचे असते. त्यासाठी आणलेली क्रेन ऐन वेळी वरून पडून मोडते. वाहिनीचे अधिकारी म्हणतात, सोडून द्या, बघणारे एवढे खोलात जात नाहीत. हिगुराशीही नेहमीप्रमाणे मान डोलावतो. पण मुलीच्या हाती त्याच्या संहितेत ठेवलेला एक फोटो लागतो. ती लहान असताना बापाच्या खांद्यावर बसली आहे आणि तिच्या हातात कॅमेरा आहे. मग ती हाकाटी करून सगळ्यांना जमवते. शाळेच्या कवायतीत मुले रचतात तसा ते माणसांचा मनोरा रचतात. नट, सहायक, रक्त फासलेली भुते, ज्याच्या अंगात बळ आहे तो खाली. वर बाप, बापाच्या खांद्यावर मुलगी, तिच्या हातात कॅमेरा. खालचे थरथरत आहेत, दात-ओठ खात आहेत. आणि दृश्य मिळते. पडद्यावर ते काही क्षणांचे आहे. पहिल्यांदा पाहताना आम्ही त्याकडे धड बघितलेही नव्हते.

आमचे शिक्षण बी.कॉम., त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. हा सिनेमा तोक्योच्या एन्बू सेमिनार या नाट्य-चित्रपट शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या कार्यशाळेतून निघाला. नट सगळे अनोळखी. खर्च सुमारे ३० लाख येन, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण १७-१८ लाख रुपये. आपल्याकडे या पैशांत शहराच्या कडेलाही एक खोली मिळणे कठीण. चित्रीकरण आठ दिवसांत संपले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तोक्योत सहा दिवस दाखवला. एप्रिल २०१८ मध्ये इटलीतल्या उदिने गावच्या महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा दुसरा मान मिळाला. २३ जून २०१८ ला तो तोक्योत फक्त दोन लहान चित्रपटगृहांत लागला. मोठी जाहिरात नाही. पाहून आलेला माणूस दुसऱ्याला एवढेच सांगे की काही विचारू नकोस, जाऊन बघ. दोनाची तीनशेहून जास्त चित्रपटगृहे झाली, वीस लाखांहून जास्त लोकांनी तो पाहिला, आणि जपानमध्ये गल्ला ३०० कोटी येनच्या वर गेला. म्हणजे खर्चाच्या हजारपट. पुढे २०२२ मध्ये फ्रान्सच्या मिशेल हझानाविशियस याने त्यावरून फ्रेंच सिनेमा काढला आणि त्या वर्षीच्या कान महोत्सवाचे उद्घाटन त्याने झाले. मधल्या काळात, मे २०२० मध्ये, करोनामुळे सगळे घरात कोंडले गेले असताना याच मंडळींनी आपापल्या घरी बसून, एकमेकांना न भेटता, एक छोटा सिनेमा करून लोकांना फुकट दाखवला. कॅमेरा त्यांनी खरोखरच थांबवला नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिनेमा गाजू लागला तेव्हा, ऑगस्ट २०१८ मध्ये, र्‍योइची वादा नावाचे एक नाट्य दिग्दर्शक पुढे आले. आपल्या मंडळीच्या 'घोस्ट इन द बॉक्स' या नाटकावरून हे घेतले आहे आणि मूळ कृती म्हणून त्याचा उल्लेख व्हायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. ते नाटक पाहूनच आपल्याला कल्पना सुचली, हे उएदा यांनीही नाकारले नव्हते. मतभेद होता तो पाटीवर काय लिहायचे याबद्दल. शेवटी २०१९ मध्ये समझोता झाला आणि मूळ कृतीचे श्रेय दोघांच्या नावे संयुक्त दिले गेले.

कोण किती बरोबर होते याचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण आम्हांला हे विचार करण्यासारखे वाटते. ज्या सिनेमाचा सगळा जीव पडद्यामागच्या माणसांत आहे, त्या सिनेमालाही पडद्यामागच्या एका माणसाचे नाव नीट लिहायला वेळ लागला. वाईट हेतू असतोच असे नाही. आनंदाच्या भरात, घाईत, एखादी ओळ राहून जाते. ती ज्याची राहते त्याला ती जन्मभर दिसते.

आम्ही कचेरीत पंचवीस वर्षे टिपणे लिहिली. वर्षाचा अहवाल आमच्या हातून तयार होतो, सही साहेबांची असते, आणि त्यात आमची तक्रार नाही, ती रीतच आहे. पण त्या रात्री सिनेमा संपल्यावर मुलगी आईला म्हणाली, "तो हिगुराशी अगदी पप्पांसारखा बोलतो ना? झटपट, स्वस्त आणि बरा." सगळे हसले. आम्हीही हसलो. झोप मात्र लवकर लागली नाही.

कारण तिचे खोटे नव्हते. आपले नाव कुठेच येणार नाही म्हटल्यावर 'चालेल, होईल, कोण बघतो' ही सवय आमच्या हाताला कधी लागली ते कळलेच नाही. कचेरीत लागली ती घरीही आली. वस्तीच्या कामातही आली. गेल्या वर्षी कार्यक्रमाच्या आभारात आम्ही सगळ्या पाहुण्यांची नावे वाचली, आणि दोन रात्री जागून रंगमंच बांधणाऱ्या पोरांना 'इतर कार्यकर्ते' या दोन शब्दांत गुंडाळले. ते टिपण आमच्याच अक्षरात होते. ती पोरे पडद्यामागे उभी राहून ऐकत होती.

म्हणून मावशींना आमचे उत्तर असे आहे. भूत नसते, हे आम्ही पुन्हा सांगतो. असतो तो रंग, असते ती नळी, आणि नळी धरून बसलेला माणूस. त्या माणसाला पाहिले की भीती जाते आणि त्याच्याविषयी माया वाटू लागते. पुढच्या रविवारी हा सिनेमा आम्ही पुन्हा लावणार आहोत, मावशींनी नातवंडांना घेऊन यावे. लहानग्यांना रक्ताची भीती वाटली तर तो रंग आहे हे आधीच सांगावे. पहिला अर्धा तास चहा मिळेल, उठायला परवानगी मिळणार नाही. आणि शेवटी ज्या पाट्या येतात, ज्यांत खरे कामगार खरा कॅमेरा घेऊन धावताना दिसतात, त्या संपेपर्यंत दिवा लावायचा नाही.

या वर्षीच्या आभाराचे टिपण आम्ही आत्ताच लिहायला घेतले आहे. रंगमंच बांधणाऱ्या अकरा पोरांची नावे मिळाली. पडदा ओढणाऱ्याला सगळे 'बाळ्या' म्हणतात, त्याचे खरे नाव कोणालाच सांगता येईना. ते विचारायला आज संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी जाणार आहोत.